वकिलाविना लढवलेल्या दाव्याचा खर्च परत कसा मागायचा

दावा फेटाळला गेला की प्रतिवादी सुटकेचा श्वास टाकतो आणि घरी जातो. हिशेब मागाहून सुचतो. दोन-तीन वर्षांच्या तारखा, प्रत्येक तारखेला बुडालेली मजुरी किंवा बंद ठेवलेलं दुकान, टायपिंग, झेरॉक्स, साक्षीदाराचं जाणं-येणं, सगळं आपल्याच खिशातून गेलेलं असतं. निकालपत्राची शेवटची ओळ पाहावी तर लिहिलेलं असतं, "खर्चाबाबत हुकूम नाही." माझ्या मते ही ओळ बहुतेक वेळा एकाच कारणाने येते. प्रतिवादीने खर्च मागितलेला नसतो, आणि मागितला असला तरी त्याचा कागद न्यायालयापुढे नसतो.

कायदा खरं तर जिंकणाऱ्याच्या बाजूचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३५ प्रमाणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, हा नियम. न्यायालयाला तसं करायचं नसेल तर त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. हे वकील लावणाऱ्याला लागू आहे तसंच स्वतः उभं राहणाऱ्यालाही. फरक एवढाच की वकील फीचा रकाना तुमच्या बाबतीत रिकामा राहतो. जी फी दिलीच नाही ती परत मिळत नाही. बाकीचे रकाने मात्र तुमचेच आहेत आणि ते भरायची जबाबदारीही तुमचीच.

हा लेख सोलापूर जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयात प्रतिवादी म्हणून स्वतः उभं राहणाऱ्यांसाठी आहे, मग दावा सोलापुरात असो, बार्शीत, पंढरपुरात की अक्कलकोटला. फौजदारी प्रकरणाचे नियम वेगळे, ते इथे नाहीत.

त्याआधी एक चौकशी

स्वतः लढायचं कारण फक्त पैसे हेच असेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन या. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. कामगार असूनही हे माहीत नाही म्हणून स्वतःची कैफियत (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर) स्वतः खरडत बसण्यात काही शौर्य नाही.

पायरी पहिली : खर्चाची मागणी कैफियतीतच

समन्स हातात पडलं की पहिल्यांदा ते कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. साध्या दाव्यात कैफियत द्यायला ३० दिवस असतात, आणि न्यायालयाने कारणं नोंदवून मुदत वाढवली तर समन्स बजावल्यापासून ९० दिवसांपर्यंत. पण उधारी, धनादेश, वचनचिठ्ठी यांवरचा दावा संहितेच्या आदेश ३७ खालचा, म्हणजे समरी सूट (झटपट निकालाचा दावा), असू शकतो. त्यात १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. नंतर निकालासाठीचं समन्स येतं, त्यापासून १० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. ही मुदत हुकली तर खर्च मागायची वेळच येत नाही, उलट तुमच्यावरच हुकूमनामा (निकालाप्रमाणे वसुली करता येईल असा न्यायालयाचा औपचारिक आदेश) होतो.

हजर होताना वकीलपत्राऐवजी "मी स्वतः काम चालवणार आहे" अशी पुरसीस (न्यायालयाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) आणि तुमचा पत्ता द्या. मग कैफियत. प्रत्येक परिच्छेदाला उत्तर दिल्यानंतर शेवटी जी विनंती लिहितात, तिथे बरेच जण फक्त "दावा नामंजूर करावा" एवढंच लिहितात. तिथे असं लिहा :

"वादीचा दावा प्रतिवादीच्या खर्चासह नामंजूर करावा. दावा खोटा असल्याचे वादीस माहीत असूनही त्याने तो केवळ त्रास देण्यासाठी दाखल केला आहे, अशी प्रतिवादीची हरकत आहे. सबब कलम ३५-अ प्रमाणे भरपाईदाखल खर्चही मिळावा."

दुसरं वाक्य नुसतं शोभेचं नाही. कलम ३५-अ खालची भरपाई मिळायची तर दावा खोटा किंवा त्रासदायक आहे अशी हरकत तुम्ही आधी घेतलेली असावी लागते. त्यानंतर दावा फेटाळला गेला, सोडून दिला किंवा काढून घेतला, तरच ती भरपाई मिळू शकते. हरकत नसेल तर निकालाच्या दिवशी कितीही कळवळून सांगितलं तरी उपयोग नाही.

पण हे वाक्य सरसकट टाकू नका. समजा, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत तुमचे यंत्रमाग आहेत आणि सुताच्या व्यापाऱ्याने १,८०,००० रुपयांच्या उधारीचा दावा लावलाय. रक्कम तुम्ही बँकेतून चुकती केली आहे आणि त्याच्या सहीची पावती तुमच्याकडे आहे. इथे ३५-अ शोभतं, कारण दावा खोटा हे त्याला माहीत होतंच. पण मालाच्या दर्जावरून खराखुरा वाद असेल तर तो दावा हरला तरी "खोटा" ठरत नाही. अशा वेळी साधा खर्च मागा.

याच व्यापाऱ्याची मागणी ३ लाखांची किंवा त्याहून जास्त असती तर प्रकरण व्यापारी न्यायालय कायद्याखाली गेलं असतं. तिथे खर्चाचे नियम जास्त कडक आहेत आणि ३५-अ ची रकमेची मर्यादाही लागू होत नाही.

पायरी दुसरी : एक वही, एक पाकीट

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. प्रत्येक तारखेला एक ओळ : तारीख, कशासाठी होती, काय झालं, कोणी मुदत मागितली, किती खर्च झाला, पावती क्रमांक. उदाहरणार्थ :

"१२ मार्च. वादीचा पुरावा. वादी गैरहजर, वकिलांचा मुदत अर्ज मंजूर. मोहोळ–सोलापूर जाऊन-येऊन, तिकिटं २. झेरॉक्स ३६ पानं, पावती क्र. ७."

पाकिटात पावत्या. इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण हिच्यावाचून पुष्कळांचा प्रवासखर्च बुडतो. एसटी कंडक्टर यंत्रातून जे तिकीट देतो त्याचा कागद उष्णतेने छापला जाणारा असतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात शर्टच्या खिशात राहिलं तर काही महिन्यांत ते कोरं होतं. निकालाला दोन वर्षं लागली तर तुम्ही न्यायाधीशांना पांढऱ्या चिठ्ठ्या दाखवाल. म्हणून घरी आल्याबरोबर तिकिटाची झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या, आणि मूळ तिकीट तारीख लिहून त्याच पानाला टाचा. झेरॉक्सवाल्याकडून पावती मागा. तो देत नसेल तर पैसे यूपीआयने द्या, म्हणजे बँकेच्या उताऱ्यात नोंद राहते.

जेवढं दिलं तेवढंच लिहायचं. बाईंनी अर्ध्या तिकिटात प्रवास केला असेल तर अर्धंच. पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा एसटीने फुकट आले असतील तर शून्य. वाढवून लिहिलेली एक ओळ सापडली की विरोधी वकील बाकीच्या चाळीस ओळींवर संशय उभा करतो.

कुठल्या बाबी चालतात? आदेश २०-अ मध्ये काहींची नावंच दिली आहेत. दाव्यापूर्वीच्या नोटिशीचा खर्च, कैफियत आणि अर्ज लिहून किंवा टाइप करून घेण्याचा खर्च, न्यायालयाचं दप्तर पाहण्याची फी, साक्षीदार आणण्याचा खर्च (साक्षीदार न्यायालयामार्फत बोलावला नसला तरीही), आणि अपिलात निकाल-हुकूमनाम्याच्या नकलांचा खर्च. शिवाय अर्जांवरची कोर्ट फी तिकिटं, समन्स बजावणीची फी आणि कोर्ट कमिशनर नेमला असल्यास त्याची फी हे तर हुकूमनाम्याच्या तक्त्यात असतंच.

पायरी तिसरी : तारीख पडली की त्याच दिवशी मागा

वकिलाविना लढणाऱ्याचा सर्वांत मोठा खर्च फीचा नसतो, फुकट गेलेल्या दिवसांचा असतो. आणि यासाठी निकालाची वाट पाहायची गरज नाही.

वादीने मुदत मागितली किंवा त्या दिवशी करायचं काम केलं नाही, तर कलम ३५-ब प्रमाणे न्यायालय त्याला तुमचा त्या दिवसाचा येण्याचा खर्च द्यायला लावू शकतं. ठरलेल्या पुढच्या तारखेला ती रक्कम भरल्याशिवाय वादीला दावा पुढे चालवता येत नाही. आदेश १७ मध्येही मुदतीचा खर्च लावण्याचा अधिकार आहे, आणि एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत असंही तिथे लिहिलंय. ते किती पाळलं जातं हे ज्याने एक दावा पाहिला त्याला विचारा.

करायचं असं. वादीच्या वकिलांनी मुदत अर्ज दिला की तुमचं म्हणणं विचारलं जातं. तिथे "हरकत नाही" लिहून सही करू नका. "हरकत आहे. प्रतिवादी अमुक गावाहून हजर आहे. मुदत दिल्यास कलम ३५-ब प्रमाणे आजच्या हजेरीचा खर्च द्यावा" असं लिहा. न्यायाधीश कधी दोनशे लावतील, कधी पाचशे, कधी काहीच नाही. पण तुमचं म्हणणं अर्जावर राहिलं, आणि शेवटी खर्चाचा तक्ता मांडताना तुम्ही दर वेळी हजर होता हे दिसतं.

संध्याकाळी ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्या दिवसाचा रोजनामा, म्हणजे तारखेला काय झालं याची न्यायालयाची नोंद, पाहा. तुम्ही हजर असूनही तुमची हजेरी नोंदली गेली नसेल तर पुढच्याच तारखेला लेखी अर्ज देऊन सांगा. सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

मंजूर झालेली रक्कम वादीने दिली तर पावती देऊन घ्या आणि वहीत नोंदवा. अशी मिळालेली रक्कम शेवटच्या तक्त्यात पुन्हा मागता येत नाही. दिली नाही आणि तरी दावा पुढे सरकला, तर त्या रकमेचा स्वतंत्र आदेश मागून घ्या. वादीविरुद्ध त्याचीही वसुली करता येते.

साक्षीदार

समन्स काढून साक्षीदार बोलवायचा तर त्याचा भत्ता आणि प्रवासखर्च आधी न्यायालयात भरावा लागतो. तो भरल्याची पावती म्हणजे खर्चाचा सर्वांत भक्कम पुरावा, कारण त्याची नोंद न्यायालयाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझर विभागातच असते. गावातल्या ओळखीच्या माणसाला स्वतःच घेऊन आलात तरी त्याचा खर्च मागता येतो, फक्त त्याच्याकडून रक्कम मिळाल्याची सही घ्या. माणूस ओळखीचा असला की सही मागायला संकोच वाटतो. तो संकोच बाजूला ठेवा.

पायरी चौथी : युक्तिवादाबरोबर खर्चाचा तक्ता

सगळ्या लेखात महत्त्वाचं काही असेल तर ही पायरी. अंतिम युक्तिवादाच्या दिवशी, निकालाच्या आधी, तीन कागद एकत्र द्या : खर्च मिळण्याचा अर्ज, खर्चाचा तक्ता आणि तक्ता खरा असल्याचं प्रतिज्ञापत्र. एक प्रत वादीच्या वकिलांना देऊन पोच घ्या. पावत्यांच्या झेरॉक्स क्रमांक घालून जोडा आणि मूळ पावत्या दाखवायला जवळ ठेवा.

तक्ता साधा असावा. पहिल्या भागात ज्याची पावती आहे ते : कोर्ट फी तिकिटं, टायपिंग, नकला, समन्स फी, साक्षीदार. दुसऱ्या भागात प्रवास, तारीखवार. तिसऱ्या भागात बुडालेले दिवस. हे तिन्ही मिसळू नका. न्यायालयाला तिसरा भाग मान्य झाला नाही तरी पहिला वेगळा उचलता आला पाहिजे.

तिसऱ्या भागाला आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन विरुद्ध भारत सरकार या निकालात सांगितलं, की खर्च प्रत्यक्ष झालेला आणि वाजवी असावा. त्यात जिंकलेल्या पक्षाने घालवलेला वेळ, त्याचा प्रवास, राहण्याचा खर्च आणि इतर आनुषंगिक खर्चही धरावा. वकील न लावलेल्या माणसासाठी याच्याइतकं उपयोगी वाक्य दुसरं नाही. त्या निकालाचं नाव आणि वर्ष अर्जात लिहा. बुडालेल्या दिवसाचा दर मात्र कागदाने दाखवा : पगाराची स्लिप, मालकाने त्या दिवसाची मजुरी कापल्याचं पत्र, बिनपगारी रजेचा दाखला. "माझा दिवस हजाराचा आहे" हे तोंडी सांगून भागत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११ साली संजीव कुमार जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की खर्च संहितेच्या आणि उच्च न्यायालयाच्या नियमांच्या चौकटीतच देता येतो. वास्तवाला धरून खर्च मिळावा असं वाटत असेल तर नियम बदलायला हवेत. ३५-अ ची मर्यादा ३,००० रुपये आहे. ती फार तुटपुंजी आहे, एक लाखापर्यंत न्यावी, असं त्याच निकालात सुचवलं होतं. साध्या दाव्यांसाठी ती अजून तीन हजारच आहे. म्हणून अपेक्षा बेताची ठेवा. पावतीचा खर्च मिळायला हरकत नसते, प्रवास बऱ्यापैकी मिळू शकतो, आणि बुडालेल्या दिवसांचं न्यायाधीशांवर अवलंबून.

दाव्याचा काही भाग तुमच्याविरुद्ध गेला तर खर्चही त्या प्रमाणात वाटला जातो. आणि या न्यायालयाला अधिकारच नाही म्हणून दावा निकाली निघाला, तरी तेच न्यायालय खर्च देऊ शकतं. कलम ३५ मध्ये हे स्वच्छ लिहिलंय, पण ते मागायचं लक्षात राहत नाही.

वादीने मध्येच माघार घेतली तर

हरतोय असं दिसलं की काही वादी दावा काढून घेतात. त्या दिवशी प्रतिवादी इतका खूश असतो की सही करून मोकळा होतो. थांबा. आदेश २३ नियम १ प्रमाणे दावा सोडणारा वादी न्यायालय ठरवेल तो खर्च द्यायला बांधील असतो. नवा दावा लावायची मुभा मागत असेल तर ती खर्चाच्या अटीवरच द्यावी, असं तुमचं म्हणणं त्याच अर्जावर लिहा.

लोक अदालतीत गोष्ट वेगळी. तिथे तडजोड झाली की वादीला त्याची कोर्ट फी परत मिळते. प्रतिवादीला आपोआप काहीच मिळत नाही, आणि त्या निवाड्यावर अपीलही नाही. तुमचा खर्च हवा असेल तर त्याचा आकडा तडजोडीच्या मसुद्यातच घाला, सही करण्यापूर्वी.

पायरी पाचवी : हुकूमनामा वाचा

निकाल लागला की निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. हुकूमनामा निकालापासून १५ दिवसांत तयार व्हायचा असतो. त्याच्या शेवटी वादी आणि प्रतिवादी अशा दोन बाजूंचा खर्चाचा तक्ता असतो. तुमच्या बाजूची प्रत्येक ओळ वहीशी ताडून पाहा. निकालपत्रात "खर्चासह नामंजूर" आहे पण हुकूमनाम्यात साक्षीदाराचा भत्ता राहून गेला, बेरीज चुकली, असं असेल तर कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज द्या. त्यासाठी अपील लागत नाही.

निकालपत्रातच खर्च नाकारला असेल तर अपिलाचा विचार थंड डोक्याने करा. जिल्हा न्यायालयात ३० दिवसांची मुदत असते. नुसत्या खर्चावरचं अपील तत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय सहसा टिकत नाही, आणि कारण न नोंदवता खर्च नाकारणं हा तसा मुद्दा होऊ शकतो. ३५-अ ची भरपाई कमी मिळाली म्हणून मात्र त्या आदेशावर अपील करता येत नाही. ते अपील ज्याच्यावर ती लावली त्यालाच आहे. प्रकरण उच्च न्यायालयात गेलंच तर सोलापूरकरांना आता मुंबईला जावं लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय.

पायरी सहावी : पैसे हातात

आधी साधं पत्र. हुकूमनाम्याची झेरॉक्स जोडून वादीला आणि त्याच्या वकिलांना स्पीड पोस्टने पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या, बँक खात्याचा तपशील द्या. छोटी रक्कम असेल तर वकीलच अशिलाला सांगतात, देऊन टाका.

रक्कम नाही दिली तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज. हुकूमनाम्यापासून १२ वर्षांपर्यंत दाखल करता येते, पण दोन वर्षं उलटली की आधी नोटीस काढावी लागते आणि काम लांबतं. दरखास्तीत वादीची कुठली मालमत्ता जप्त करायची ते तुम्हालाच सांगावं लागतं. दाव्यात त्याने जोडलेला धनादेश किंवा बँकेचा उतारा पाहा, खात्याची माहिती तिथेच सापडते. नोकरदार असेल तर पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीचं जप्त होऊ शकतं. म्हणजे २५,००० पगार असेल तर ८,००० पर्यंत. तुरुंगात टाकायची भाषा कोणी शिकवली तर ऐकू नका. २,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी दिवाणी कैद नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला तर अटकच करता येत नाही.

दरखास्तीचा खर्चही त्यातच मागा. वादीने न्यायालयाबाहेर पैसे आणून दिले तर पावती द्या आणि रक्कम मिळाल्याची पुरसीस न्यायालयात दाखल करून दरखास्त निकाली काढून घ्या.